सतरा नंबरचा डबा

६ मार्च

भावोजी,

बेचाळीस नंबरच्या बसच्या चालकाला आज निलंबित केलं. डेपो मॅनेजरनी मला, वर्कशॉपची फोरमन म्हणून, केबिनमध्ये बोलावून कागद दाखवला. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही आणि गणवेश जमा करायचा, असं त्यात लिहिलंय. चालक म्हणजे आपला 'सावकाश'. तुम्ही इथे उमेदवारीला होतात तेव्हा ज्याच्या गाडीत बसलं की पोचेपर्यंत दाढी वाढते म्हणायचात, तोच.

झालं ते असं. तीन तारखेला सकाळी नऊ एक्केचाळीसला गाडी उड्डाणपुलाच्या चढावर होती. पुढे वाहनं तुंबली म्हणून त्याने गाडी थांबवली. रांग हलली तसा त्याने ब्रेक सोडला आणि ॲक्सिलरेटर दाबला, पण गाडी पुढे जाईना. ती मागे घसरली. हँडब्रेक ओढेपर्यंत सहा-सात फूट गेली आणि मागच्या स्कूटरवरची बाई खाली सापडली. तिची मांडी मोडली आहे. दवाखान्यातून चार महिने तरी सांगितलेत.

सावकाश म्हणतो, पाय ॲक्सिलरेटरवरच होता, गाडीनेच ऐकलं नाही. आणि समोरच्या पडद्यावर लाल कुलपाचं चित्र आलं होतं. मी अर्ध्या तासात तिथे पोचले तेव्हा चित्रबित्र काही नव्हतं. किल्ली फिरवली, गाडी शहाण्यासारखी चालू झाली. मीच ती चालवत डेपोत आणली. आता मॅनेजर म्हणतात, "बाई, तुम्हीच चालवत आणलीत ना? मग गाडीत बिघाड कुठला?"

गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात मी ते कुलूप शोधलं. एकशे बारा चित्रं आहेत, पण कुलूप नाही.

तुम्ही ही गाडी बनवणाऱ्या कंपनीतच आहात म्हणून विचारते. तुमचं काम ट्रकच्या विभागात, बसचं तुम्हाला ठाऊक नसेल, तरी कोणाला तरी विचारा. तिकडे परदेशात बसून इकडची गाडी कोणाला थांबवता येते का? चालकाच्या सीटमागे जो डबा आहे, सिमकार्डाचा, तो तुमच्याकडे बॅटरीची माहिती पाठवतो एवढंच आम्हाला सांगितलंय. पण ज्या वाटेने माहिती जाते त्या वाटेने काही येतही असेल, असं माझं वर्कशॉपमधलं डोकं म्हणतं.

तिकडचा फोन कंपनीचा आहे, त्यावर कामाचं बोलू नका असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून हा कागद. तुमचे दादा म्हणतात, एवढ्या वर्षांत तू मला दोन ओळी लिहिल्या नाहीस आणि भावाला चार पानं. त्यांना म्हटलं, तुमच्यात बिघाड झाला की तुम्हालाही लिहीन.

उत्तर लवकर पाठवा.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

पत्र काल मिळालं. दादाला सांग, त्याच्यातला बिघाड जुना आहे, त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

सावकाशचं वाचून वाईट वाटलं. त्या माणसाच्या हातून मुंगीसुद्धा मेली नसेल, कारण मुंगी त्याच्या आधी रस्ता ओलांडून जायची. पण वहिनी, वयही झालं त्याचं. विजेच्या गाडीचे पेडल हलके असतात. चढावर घाईत पाय भलतीकडे पडू शकतो. तसं झालं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तू विचारलंस म्हणून बसच्या टेबलावरच्या एका मित्राला गाठलं. तो म्हणाला, इथून फक्त बघता येतं. बॅटरी किती तापली, टायरमध्ये हवा किती, चार्जिंग कधी झालं, एवढंच. गाडीला हात कोणी लावत नाही. तरी मी त्याला तीन मार्चची नोंद काढायला लावली. बेचाळीस नंबरला इथून काहीही गेलेलं नाही. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. याबाबत कोणाचीही शपथ घ्यायला तयार आहे.

कुलपाचं चित्र म्हणजे दरवाजाचं असेल. मागचं दार नीट लागलं नाही की तसलं काहीतरी येतं म्हणे.

तू यात फार खोल शिरू नकोस. कंपनीचे लोक चौकशीला कागद पाठवतीलच. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुझी, ती सुखाने काढ. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते मात्र तू लिहिलंच नाहीस.

तुझा दीर


२९ मार्च

भावोजी,

आईंचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. आता कामाचं.

कंपनीचं उत्तर चौकशी समितीकडे आलं, मॅनेजरनी त्याची प्रत मला दिली. त्यात लिहिलंय, "क्रमांक ४२ च्या वाहनाला आमच्याकडून त्या दिवशी कोणताही आदेश देण्यात आलेला नाही." मी हे वाक्य चार वेळा वाचलं. तुम्ही म्हणता, तिकडून फक्त बघता येतं. मग 'आदेश दिला नाही' असं का लिहिलं? ज्याला हातच नाहीत तो, मी कानाखाली मारली नाही, असं सांगत फिरत नाही.

परवा सावकाशच्या घरी गेले होते. दोन खोल्या, स्वच्छ. बायकोने चहा दिला आणि आत निघून गेली. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. बोलताना त्याचा उजवा पाय फरशीवर हलत होता. पुढे दाबायचा, उचलायचा, डावीकडे न्यायचा. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाला, "बाई, बघतोय. कुठे पडला असेल ते बघतोय." मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणालात ॲक्सिलरेटरवर होता." त्यावर तो म्हणाला, "होता. पण सगळे शिकलेले लोक म्हणतायत नव्हता. बावीस वर्षांत मला माझ्या पायाबद्दल कधी प्रश्न पडला नव्हता. आता झोपेतून उठलो तरी पाय बघतो."

मी निघाले तेव्हा त्याची बायको दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "त्यांनी कबूल करून टाकावं म्हणतायत साहेब लोक. कबूल केलं तर नोकरी जाईल पण निवृत्तिवेतन राहील. नाही केलं आणि दोषी ठरले तर दोन्ही जाईल. तुम्ही काय म्हणता?" मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

तेव्हा भावोजी, गुळमुळीत उत्तर नको. मल्टीमीटर धरायला तुम्हाला मी शिकवलंय. वायरमध्ये करंट आहे की नाही हे विचारलं तर 'बहुधा नसावा' असं उत्तर आपण देत नाही. आहे किंवा नाही ते सांगा. तिकडून गाडी बंद करता येते का?

समिती चोवीस मेला बसणार आहे.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

येते.

आधीच सांगायला हवं होतं. आमच्या करारात लिहिलेलं असतं, की देखभालीसाठी दुरून केलेल्या जोडणीबद्दल बाहेर बोलायचं नाही. मी घाबरलो.

मित्राने जे दाखवलं ते लिहितो. टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक डेपोच्या गाड्यांची यादी असते. गाडीसमोर एक चौकोन असतो. तो दाबला की गाडीची मोटर कुलूपबंद होते. गाडी धावत असेल तर आदेश थांबून राहतो आणि वेग शून्य झाला की लागू होतो. हे सुरक्षेसाठी केलंय म्हणे. ज्याने केलं त्याच्या डोळ्यासमोर सपाट जमीन होती, उड्डाणपूल नव्हता. कुलूप लागलं की चालकाच्या पडद्यावर लाल चित्र येतं. तुमच्या पुस्तकात ते नाही, कारण ते चालकाला कळावं असं कोणालाच वाटत नव्हतं. असल्या कुलपाची गरज कशाला? सदोष बॅटरीची गाडी कोणी चालवू नये, चोरीला गेली तर थांबवता यावी, अशी कारणं सांगतात, आणि ती खोटी नाहीत.

यादीच्या वर आणखी एक चौकोन आहे, अख्ख्या डेपोचा. तुझ्या साठच्या साठ गाड्या.

आणि ऐक. टेबलावर तीन पाळ्यांत मिळून अकरा माणसं बसतात. पासवर्ड एकच. तो खणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर चिकटवलेला आहे. गेल्या वर्षी दोघं नोकरी सोडून गेले, तरी तो बदलला नाही, कारण बदलला तर अकरा जणांना नव्याने सांगावा लागेल. नोंदीत नाव कोणाचं नसतं, फक्त टेबलाचा क्रमांक आणि वेळ. उद्या बाहेरच्या कोणाच्या हाती तो लागला तर तो माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तुझं शहर सकाळी नऊला उभं करू शकेल.

पण बेचाळीसचं मी खरंच सांगितलं होतं. पुन्हा तपासलं. तिला आदेश गेला नाही. जाऊच शकत नव्हता, कारण तिचा डबा वीस फेब्रुवारीपासून मुका आहे. इथून डेपोला तीन पत्रं गेली, तुमच्याकडून 'बघून कळवतो' एवढंच आलं. वहिनी, डबा चोवीस तास बोलला नाही तर गाडी चालूच होत नाही. मग तीन मार्चला मुका डबा घेऊन बेचाळीस नंबर पुलावर चढली कशी?

हे पत्र वाचून फाडून टाक.

दीर


२० एप्रिल

भावोजी,

पत्र फाडलं नाही. लोखंडी कपाटात ठेवलंय.

तुम्ही मला नेमकं तेच विचारलंत जे मला कोणी विचारू नये असं दीड महिना वाटत होतं. सावकाशच्या घरी बसले होते तेव्हाही ते माझ्या घशाशी आलं होतं. चहाबरोबर गिळलं.

बेचाळीसमध्ये बेचाळीसचा डबा नव्हता. सतराचा होता.

सतरा नंबर जानेवारीपासून मागच्या शेडमध्ये मोटरविना उभी आहे. मोटर तुमच्याकडे गेली ती गेलीच. वीस फेब्रुवारीला सकाळी बेचाळीसचा डबा मेला. नवीन मागवला तर पाच आठवडे. इकडे आधीच सात गाड्या उभ्या, फेऱ्या रद्द, मॅनेजर दर अर्ध्या तासाला वर्कशॉपच्या दारात. मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, सतरा कुठे पळणार आहे, तिचा काढ आणि हिला लाव. चार स्क्रू आणि दोन प्लग, दहा मिनिटांचं काम. गाडी लगेच चालू झाली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

डिझेलच्या जमान्यापासून आम्ही हेच करत आलो. उभ्या गाडीचा अल्टरनेटर धावत्या गाडीला, धावतीचा आरसा तिसरीला. अल्टरनेटरला आपण कोणत्या गाडीचे आहोत हे ठाऊक नसतं. डब्याला ठाऊक असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्हाला यादीत जी सतरा दिसत होती ती खरी बेचाळीस होती, रस्त्यावर, माणसांनी भरलेली.

रजिस्टरमध्ये नोंद केली नाही. सीलबंद डबा उघडला तर हमी रद्द, असं करारात आहे. इलेक्ट्रिशियन नवा आहे, त्याला मीच सांगितलं, लिहू नकोस. त्यात त्याचा काही दोष नाही.

अपघात झाला त्या दिवशी दुपारी मी बेचाळीसमधून डबा काढला आणि सतराला परत लावला. का, ते विचारू नका. हात आपोआप तिकडे गेले. बेचाळीसचा मेलेला डबा बेचाळीसमध्ये बसवला आणि घरी येऊन आईंच्या गुडघ्याला तेल चोळत बसले. तुमच्या दादांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, दमले.

म्हणजे सावकाश माझ्यामुळेही अडकलाय. समितीने गाडी तपासली तेव्हा तिच्यात मेलेला डबा होता. मेलेला डबा आदेश घेत नाही, तेव्हा चूक चालकाची. हा पुरावा मी माझ्या हाताने तयार करून दिला.

आता बेचाळीस नंबर शोधू नका. तीन मार्च, नऊ एक्केचाळीस, सतरा नंबर. काय सापडेल ते लिहा. सापडलं की मी समितीपुढे जाईन. तुम्ही म्हणता तशी तीन वर्षं सुखाने काढायची होती, पण सुख आता या कपाटात बसत नाही.

वहिनी


१ मे

वहिनी,

शोधावं लागलं नाही.

सतरा नंबरला तीन मार्चला कुलपाचा आदेश गेला. तुझ्या घड्याळाने नऊ अडतीसला. गाडी धावत होती म्हणून तो तीन मिनिटं थांबला. नऊ एक्केचाळीसला पुलावर वेग शून्य झाला आणि कुलूप लागलं. पाठवणारा मी.

ट्रकच्या विभागात मी कधीच नव्हतो. दोन वर्षं मी बसच्या टेबलावर आहे, आणि त्यात तुझा डेपो माझ्याकडे आहे. मित्र वगैरे कोणी नाही. भरतीच्या वेळी अर्जात विचारलं होतं, ग्राहक संस्थांमध्ये कोणी नातेवाईक आहे का. मी 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर हे टेबल मिळालं नसतं. एकदा 'नाही' लिहिल्यावर तुलाही सांगता येईना. मनाची समजूत काढली, की तुला कळलं तर रोज एक काम सांगशील.

नियम असा आहे की पंधरा दिवसांहून जास्त मोटरविना उभ्या असलेल्या गाडीला कुलूप घालायचं, म्हणजे चुकून कोणी तिची बॅटरी चालू करणार नाही. सतरा माझ्या यादीत होती. घालण्याआधी डेपोच्या वर्कशॉपला फोन करून विचारायचं, गाडी जागेवर आहे ना. पाच मिनिटांचं काम. वर्कशॉपचा फोन कोण उचलतं? तू. माझा आवाज तू 'हॅलो'च्या 'हॅ'वर ओळखशील. म्हणून दोन वर्षांत मी तुझ्या डेपोला एकदाही फोन केला नाही. बाकी डेपोंना करायचो. तुझ्या डेपोपुढे 'फोन केला' अशी नुसती खूण करायचो.

पडद्यावर सतराचा वेग दिसत होता, बावीस, एकोणीस, चोवीस. मी म्हटलं, मोटर नसलेल्या गाडीला वेग कसला, सिग्नल बिघडलाय. तुझी ती मोटर नसलेली गाडी बारा दिवस शहरभर फिरत होती, रोज दीडशे किलोमीटर, आणि आम्हा अकरा हुशार माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

वीस मिनिटांनी वरिष्ठ म्हणाला, फोनची वेळ लिहिलेली नाही, आधी ती भर. मी म्हटलं, लागला नाही. तो म्हणाला, मग कुलूप काढ, लागेल तेव्हा घाल. मी काढलं आणि चहाला गेलो. तू पुलावर पोचलीस तेव्हा चित्र नव्हतं ते म्हणून.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा वेळ मला ओळखीची वाटली नाही असं लिहू का? वाटली होती. नोंद काढली, सतराच्या ओळीवर माझी नजर गेली, आणि मी म्हटलं, गाडी वेगळी आहे. मग तुला लिहिलं की त्या माणसाचं वय झालं.

नोंदीत माझं नाव नाही. त्या वेळी टेबलावर तिघं होतो. मी गप्प बसलो तर कोणी सिद्ध करू शकणार नाही. हे तुला सांगतोय कारण कालपासून मी हाच एक विचार करतोय आणि तो विचार करणारा माणूस मला आवडत नाही.

तू सांग.

दीर


९ मे

भावोजी,

तुमचं पत्र डेपोत मिळालं. स्टोअरमध्ये जाऊन वाचलं आणि टायरांच्या थप्पीवर बसून राहिले. इलेक्ट्रिशियन दोनदा डोकावून गेला.

तो मित्र तुम्हीच, हे मला मागच्या खेपेलाच कळलं होतं. खण आतून कोणाला दिसतो? बसणाऱ्यालाच. पण पाठवणारे तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं. माझा आवाज ऐकावा लागेल म्हणून तुम्ही फोन केला नाही. चौदाव्या वर्षापासून माझ्या हातचं खाल्लंत आणि शेवटी भ्यायलात ते माझ्या 'हॅलो'ला. हे मला त्या कुलपापेक्षा जास्त लागलं, ते एकदाच लिहिते आणि सोडून देते.

'तू सांग' म्हणता. मी नाही सांगणार. मी जे केलं ते कळवते.

तुमच्या दादांना आणि आईंना एकत्र बसवून सगळं सांगितलं. दादा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आई म्हणाल्या, "त्या बाईची मांडी कशी आहे?" आमच्या कोणाच्याच तोंडात आधी ते आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन आले. ती शाळेत शिकवते. पायात स्टीलची पट्टी घातली आहे. मी कोण ते सांगितलं, बाकीचं चौकशीत सांगेन म्हटलं. ती म्हणाली, "तो चालक रोज चौकशी करायला येतो आणि दारातूनच परत जातो. त्याला आत यायला सांगा ना."

मग सावकाशकडे गेले. त्याला पहिल्यापासून सांगितलं, डबा, सतरा, तुम्ही, मी. वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं. तो उठला, खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाला, "म्हणजे पाय बरोबर होता." मी म्हटलं, "हो." त्याने बायकोला हाक मारली आणि तिलाही तेच सांगितलं, पाय बरोबर होता. तिने मात्र माझ्याकडे पाहिलं. "दोन महिने, बाई," एवढंच म्हणाली. ते मला पुरलं.

रजिस्टरमध्ये काल नोंद केली. नोंद कालची म्हणून आणि डब्यांची अदलाबदल वीस फेब्रुवारीची म्हणून. मॅनेजरना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, हे पान नसतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "पान होतं साहेब, रिकामं होतं." साठही गाड्यांचे डबे उपटून टाका असंही ते म्हणाले. मी नको म्हटलं. डबा नसला तर चोवीस तासांनी गाड्या उभ्या राहतील आणि बॅटरी तापल्याची खबर कोणालाच जाणार नाही. एक आग विझवायला दुसरी लावायला नको. कुलपाची किल्ली आपल्याकडे असायला हवी, एवढंच मी समितीला सांगणार आहे.

माझ्याकडे दोन डबे, रजिस्टर आणि तुमची पत्रं आहेत. पत्रं दाखवायची की नाही, ते तुमच्यावर. तुमच्या परवानगीशिवाय मी कपाट उघडणार नाही. पण आदेश गेला हे तिकडून कोणी लिहून दिलं नाही तर माझी साक्ष म्हणजे स्वतःची चूक झाकायला कंपनीवर ढकलणारी फोरमन, एवढीच राहील. सावकाशला त्याचा उपयोग नाही.

हे मी वहिनी म्हणून लिहीत नाही, वर्कशॉपची फोरमन म्हणून लिहिते. वहिनी म्हणून काय वाटतं ते तुम्ही समोर आलात तर बोलू.

पंधरा दिवस राहिलेत.


१८ मे

वहिनी,

पत्रं दाखव, सगळी.

सोबत माझा सही केलेला जबाब आहे, चार पानी. तीन मार्चच्या नोंदीची प्रतही आहे, सतराच्या ओळीसकट. पाळीपत्रकाची प्रतही जोडली आहे. परवा वरिष्ठाला सांगितलं. तो आधी हळू आवाजात म्हणाला, "तुला कोणी विचारलंय का?" मग त्याने त्याच्या वरच्याला बोलावलं आणि मग आवाज वाढत गेले. दुपारी माझं ओळखपत्र काढून घेतलं. खोलीतून सामान न्यायला एक माणूस सोबत दिला. बारा वस्तू निघाल्या, त्यातली एक म्हणजे तुझा जुना टेस्टर.

संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवरून खणातला तोच पासवर्ड टाकून पाहिला. फक्त आत जाता येतं का एवढंच, कशाला हात लावला नाही. यादी उघडली. साठ गाड्या, आणि वर तो मोठा चौकोन. नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरातून. लगेच बंद केलं आणि हेही कंपनीला आणि समितीला, दोघांनाही लिहून कळवलं. कंपनीकडून अजून उत्तर नाही.

जबाब नेहमीच्या टपालाने टाकत नाही, खास कुरिअरने पाठवतोय, चार दिवसांत पोचेल. मी तेवीसला दुपारी येतो. दादाला घ्यायला येऊ नकोस म्हणावं. यावंसं वाटलं तर येऊ दे.

मला आत घेशील ना, हे विचारणार होतो. खोडलं. तरी वाचता येईल तुला.

दीर


२४ मे, सकाळी सहा

भावोजी,

तुम्ही उठायच्या आत निघते. पहिल्या पाळीच्या गाड्या सोडून तिथूनच समितीच्या कार्यालयात जाईन, म्हणून हा कागद टेबलावर.

समितीच्या सचिवांनी काल संध्याकाळी फोनवर पक्कं सांगितलं, तुमचा जबाब दाखल करून घेतलाय. कंपनीने वकील पाठवलाय. त्यांचं म्हणणं असं असेल की डबा डेपोने हलवला, तेव्हा जबाबदारी डेपोची. मॅनेजर म्हणतील, आदेश कंपनीचा, जबाबदारी कंपनीची. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मधे सावकाश बसलेला असेल. आपण दोघांनी फक्त आपापल्या हातांनी काय केलं तेवढं सांगायचं. दुसऱ्याचं सांगायला गेलं की गाडी घसरते.

पासवर्ड बदलला का, हे मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, कंपनीने 'प्रक्रिया सुरू आहे' असं कळवलंय. म्हणजे बदललेला नाही. तोपर्यंत पुलावरच्या मार्गाला मी फक्त जुन्या डिझेलच्या गाड्या लावल्यात. मॅनेजरना विचारलं नाही, सांगितलं.

दूध गरम करून घ्या. आईंना गुडघ्याची गोळी आठला. तुमचे दादा बरोबर येतो म्हणतात, येऊ द्या, त्यांना बाहेरच्या बाकावर सावकाशच्या बायकोशेजारी बसवा.

अकराला हाक मारतील. आधी मला, मग तुम्हाला, मग चालकाला. त्याचा निकाल संध्याकाळी पाचला सांगणार आहेत. आपल्या दोघांचा कधी, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

वहिनी